निळ्याखालचा लाल

१२ जानेवारी

पोरी,

आशीर्वाद. पत्राला उशीर झाला, बापाला माफ कर. उशीर म्हणजे लोक आठ-पंधरा दिवसांना म्हणतात. सहा वर्षांच्या उशिराला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. माझं तुला माहीत आहे. पाटीवर फूटभर अक्षर काढायला सांगा, रेघ हलणार नाही, पण वहीच्या दोन रेघांमध्ये बसवायचं म्हटलं की हात गडबडतो. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा चुका पोटात घाल.

पत्ता तुझ्या मैत्रिणीने दिला. तुझ्याबरोबर पाण्याच्या बाटल्या घेऊन फिरायची ती. आता शाळेत शिकवते. फोन नंबर मात्र दिला नाही. म्हणाली, "काका, नंबर द्यायचा नाही असं तिने बजावलंय. पत्ता देते, पण एवढं करा, खोटं लिहू नका." मला जरा लागलं.

इकडे ठीक आहे. आई बरी आहे. थंडीने तिचे तळहात खरखरीत झालेत, बाकी काही नाही. माझे गुडघे तसेच. दुकानांच्या पाट्या हल्ली छापून येतात, त्यामुळे काम थोडं आणि वेळ फार, आणि रिकाम्या डोक्यात काय काय येतं ते तू जाणतेस. मला लहानपणापासून काळजी करायची सवय आहे. आई म्हणते, काळजी करायला काही मिळालं नाही तर हे त्याची काळजी करतात.

सरकार बदललं ते तिकडेही कळलं असेल. पाणीखात्याच्या ऑफिसात जुना फोटो काढला तर भिंतीवर स्वच्छ चौकोन उरला, आणि नवा फोटो त्याहून लहान निघाला. मग मला बोलावलं, चौकोनाच्या कडा भिंतीच्या रंगाला मिळवून द्या म्हणून. भिंतीवरची धूळ रंगात कशी मिसळायची हे आता माझ्याशिवाय कुणाला येतं? दोन तास लागले. कारकून तोच आहे, चष्मेवाला. त्याला सगळे 'कायम' म्हणतात ते तुला आठवत असेल. तीन सरकारं पाहिली त्याने त्याच खुर्चीवरून.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये, म्हणून सरळ विचारतो. तुझी ती वही आहे का अजून? तीनशे बारा हातपंपांची, क्रमांक आणि पुढे लाल किंवा हिरवा. तू बाटली उन्हात धरायचीस, पट्टी बुडवायचीस, आणि लांबूनच ओरडायचीस, "बाबा, लाल!" की मी लाल डबा उघडायचो. लाल म्हणजे खाली जमिनीतच विष, कपडे धुवा पण पिऊ नका. हिरवा म्हणजे खुशाल प्या. त्या विषाचं नाव तुला पाठ होतं, मला अजून उच्चारता येत नाही.

वही असेल तर कळव. घाई नाही. सहज विचारलं.

बाबा

९ फेब्रुवारी

पोरी,

तुझं उत्तर नाही. टपाल खातंही बदललं असेल सरकारबरोबर, असं मी स्वतःला सांगतो. मागच्या पत्रात सहज विचारलं असं लिहिलं, ते सहज नव्हतं. आता नीट सांगतो.

शेजारची शिंपीणबाई आठवते? तिच्या हातातून सुई निसटायला लागली. तळहातावर ज्वारीच्या दाण्याएवढे टणक फोड, छातीवर काळे ठिपके. डॉक्टरने विचारलं, "कुठल्या पंपाचं पाणी पिता?" ती म्हणाली, "निळ्या." डॉक्टर म्हणाले, "बाई, सगळेच निळे आहेत."

सगळेच निळे आहेत. आणि त्यातले एकशे चाळीस माझ्या हातचे, उरलेले फराट्याच्या. फराट्या कोण ते तुला सांगायला नको, जो पेंटर एका फराट्यात पंप उरकतो तो. तुमची पाणी तपासायची योजना बंद झाली, त्या वेळच्या नव्या सरकारने 'सर्वांना पाणी' काढली आणि हुकूम आला की शहरातला एकूण एक पंप निळा. तुमचा लाल-हिरवा आधीच्या सरकारचा ना. नावडतीचं मीठ अळणी.

मी ऑफिसात गेलो. कायमला म्हटलं, "ते जुनं रजिस्टर दाखवा." तो म्हणाला, "कुठलं जुनं? मागच्या सरकारचं की मागच्याच्या मागच्या?"

"मागच्याच्या मागच्या."

"ती योजना बंद झाली. योजना बंद झाली की रजिस्टर वर जातं."

"वर कुठे?"

"आजोबा, वर म्हणजे वर. तिथून कुणी खाली आलेलं मी तरी पाहिलं नाही."

हसला. मग चष्मा पुसत म्हणाला, मॅडमना भेटा. मॅडम नव्या आल्यात, तुझ्याच वयाच्या. त्यांनी बसायला खुर्ची दिली. नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मागच्या सरकारची योजना आता थांबली. त्याआधीची परत सुरू करता येत नाही. नवं धोरण येतंय. त्यात तपासणी आहे. सगळे पंप नव्याने तपासणार."

"कधी?"

"दीड वर्ष धरा."

"तोवर लोकांनी काय प्यायचं, मॅडम?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. बाई वाईट नाही, एवढंच मला कळलं.

तेव्हा मी ठरवलं की आपणच बघावं. पत्ती घेतली आणि पंप खरवडायला निघालो. निळा काढला की खाली तुझा रंग सापडेल, सोपं काम. फराट्याच्या पंपावर पत्ती मारली तर निळा पापडासारखा उडाला आणि खाली जसाच्या तसा हिरवा. दुसऱ्यावर लाल. त्याने पूर्वी कधी घासलं नाही, धुतलं नाही, धुळीवरच एक हात मारून गेला. आठ दिवसांत त्याचे सगळे पंप मी वाचून काढले आणि वहीत लिहिले.

मग माझ्या पंपांकडे वळलो. पोरी, माझ्या हातच्या कामात खाली काही नाही. मी आधी पत्तीने खरवडलं होतं, मग पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासलं होतं, मग गंज न धरण्यासाठी रेड ऑक्साइडच्या अस्तराचा हात, मग निळ्याचे दोन हात. लोखंड रंगवायची रीत तीच, माझ्या उस्तादाने कानफटात मारून शिकवलेली. जन्मभर त्याचा तोरा मिरवला. फराट्याला चारचौघांत म्हणायचो, तू रंग लावत नाहीस, रंग झटकतोस.

फराट्या आला तेव्हा मी खरवडत होतो. कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "काय उस्ताद, सापडलं का काही? जन्मभर मला शिव्या घातल्यास घासत नाही म्हणून. आता बोल! शहराला कोण उपयोगी पडलं?" पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला. म्हणाला, "माझ्या दारातला पंप तू केलायस ना? दोनशे सात. काय होता तो?"

मला आठवेना.

एकशे चाळिसांतले चौऱ्याण्णव नक्की आठवतात. कुठल्या पंपाशी तू काय बोललीस, कुठे चप्पल तुटली, कुठे कुत्रं मागे लागलं, त्यावरून आठवले. सेहेचाळीस आठवत नाहीत. आणि आता वर हे की लोकांना कळलं मी खरवडतोय. तेही नाण्याने खरवडायला लागले. माझ्या पंपांवर निळ्याखाली तांबूस निघतं, ते रेड ऑक्साइड, ते सगळ्याच पंपांवर आहे, हिरवे होते त्यांवरसुद्धा. पण लोकांना काय, लाल दिसलं! सकाळी दारात वीस माणसं. "आमच्या पंपात विष आहे आणि तुम्ही झाकलंत!" मी सांगतोय हा अस्तराचा लाल आहे, तो लाल नव्हे. एक जण म्हणाला, "म्हातारा आता लालमध्येही जाती पाडतोय."

म्हणून वही हवी. सेहेचाळीस क्रमांकांसाठी. आई ठीक आहे.

बाबा

३ मार्च

पोरी,

तुझं पत्र आलं. साडेतीन ओळी. पण तुझं अक्षर बघितलं आणि बराच वेळ पाकीटच हातात धरून बसलो.

तू लिहितेस, "बाबा, कोण आजारी आहे? खरं लिहा. आई कुठल्या पंपाचं पिते? वही माझ्याकडे आहे. तुम्ही सही केलेल्या त्या कागदाचं काय केलंत ते सांगा, मग बघू."

एकेकाचं उत्तर देतो.

कोणी आजारी नाही. शिंपीणबाईचं लिहिलं होतंच, ती औषध घेते आहे. आईला जरा अशक्तपणा आहे, तो वयाचा. पाणी आम्ही शाळेजवळच्या पंपाचं आणतो, तो हिरवा होता हे नक्की आहे. घरामागच्या पंपाचं फक्त धुण्याभांड्याला वापरतो. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस आणि मुद्दाम येऊही नकोस. ऊन वाढलं आहे, प्रवास लांबचा, नोकरी नवी. रजा टाकलीस तर तुझे साहेब काय म्हणतील?

तो कागद आता कुठे असणार? मागच्या सरकारबरोबर गेला असेल. रजिस्टर गेलं, योजना गेली, फोटोसुद्धा गेला, तर तो एकच कागद कसा राहील? मेलेलं प्रकरण कशाला उकरायचं. त्या वेळी मी तुझ्याच भल्यासाठी सही केली होती हे तुला पटत नाही, पण तुझ्यावर केस होणार होती. कायम स्वतः म्हणाला होता.

इकडे मी एक केलं. सेहेचाळीस पंप आठवत नाहीत ना, मग सगळ्यांच्या तोट्या लाल करून टाकल्या. जीव वाचला तर वाचला, गैरसोय झाली तर झाली. चार दिवसांत काम केलं, गुडघे सुजले. पाचव्या दिवशी बघतो तर बायका त्याच पंपांवर कळशा भरतायत. मी म्हटलं, "अहो, लाल दिसत नाही का?" त्यातली एक म्हणाली, "दिसतो की. पण आजोबा, ओळीने नऊ पंप लाल केलेत तुम्ही. नऊच्या नऊ कसे विषारी असतील? म्हणजे तुम्हालाच माहीत नाही. मग आम्ही का अर्धा मैल चालायचं?" तिचं काय चुकलं? तू लाल म्हणायचीस तेव्हा शेजारी एक हिरवा असायचा, म्हणून तुझ्या लालला किंमत होती.

आणि परवा ऑफिसची नोटीस आली. सरकारी मालमत्तेवर विनापरवाना रंग लावल्याबद्दल खुलासा करा. फराट्याने वाचून दाखवली. म्हणाला, "उस्ताद, आयुष्यात पहिल्यांदा न घासता रंग लावलास आणि पकडला गेलास."

वही पाठव. पाया पडतो म्हटलं तर तुला आवडायचं नाही, म्हणून म्हणत नाही.

बाबा

१९ मार्च

पोरी,

आई गेली. सोमवारी सकाळी, मोठ्या दवाखान्यात. अकरा दिवस तिथे होती.

मागचं पत्र लिहिलं तेव्हा तिच्या पोटात पाणी झालं होतं आणि उजव्या पायाचा तळवा चिघळला होता. पलंगाशेजारी बसूनच लिहिलं. तिने विचारलं, काय लिहिता? मी म्हटलं, तुझी तब्येत कळवतो.

शेवटचे दोन दिवस ती तुला हाका मारत होती. तुझा नंबर नव्हता म्हणून कळवता आलं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. तुझ्या मैत्रिणीकडे नंबर होता. शाळा दवाखान्यापासून दोन रस्त्यांवर आहे. मी गेलो नाही.

सगळं उरकलं.

बाबा

६ एप्रिल

पोरी,

तुझं काही आलं नाही. यावं असं कुठल्या तोंडाने म्हणू. हे पत्र तू फोडशील की नाही तेही माहीत नाही. तरी लिहितो, कारण आता लपवायला काही उरलं नाही.

घरामागचा पंप, क्रमांक एकसष्ट. तो लाल होता. आठवायची गरजच नव्हती, तू पट्टी बुडवलीस तेव्हा आई दारातच उभी होती आणि म्हणाली होती, "अगं बाई, हाच का नेमका?" तेव्हापासून ती शाळेजवळून पाणी आणायची. मग मी तो निळा केला. दोन-चार दिवसांनी तिने विचारलं, "अहो, आता निळा झालाय, म्हणजे सरकारने काहीतरी करून बरा केला असेल ना? माझ्याच्याने आता तेवढं चालवत नाही." मी म्हटलं, "असेल."

एवढंच म्हटलं. असेल. सहा वर्षं ती त्याचं पाणी प्यायली. मीही तेच प्यायलो. माझ्याही तळव्यांना दाणे आहेत. पण मी चालतो-फिरतो आहे आणि ती गेली.

का म्हटलं ते सांगतो. त्या आठवड्यातच मी त्या कागदावर सही केली होती. तू तक्रार केलीस की खुणा असलेले पंप निळे करून विष झाकलं जातंय. पेपरात आलं. मग कायमने मला बोलावलं. कागद तयार होता. 'रंगकामापूर्वी पंपांवर कोणत्याही प्रकारची खूण आढळली नाही.' मी म्हटलं, "साहेब, खुणा तर मीच केल्या होत्या." तो म्हणाला, "म्हणून तर तुमचीच सही हवी."

मी सही केली. आणि आता नीट ऐक, पोरी. केस होईल, मुलगी अडकेल, हे कायम म्हणाला ते खरं आहे. पण ते तो सही झाल्यानंतर म्हणाला, कागद घडी घालताना. सहा वर्षं मी ते आधी म्हणाला असं धरून चाललो होतो. सांगून सांगून मलाही तसंच आठवायला लागलं होतं. सही केली तेव्हा माझ्या मनात तू नव्हतीस. समोर खुर्चीत सरकारी माणूस होता, आणि मला भीती वाटली. कसली, ते आजही सांगता येत नाही. ऑफिसात शिरलो की माझ्या हाताला घाम येतो, हे तुला माहीत आहे. एवढ्याशा भीतीवर तुला खोटी ठरवली, आणि मग ऑफिसात 'खूण नव्हती' म्हणून आलेला माणूस घरी बायकोला 'लाल आहे, पिऊ नकोस' कसं म्हणणार? सही ऑफिसात केली आणि पाळली घरात.

आईचं झाल्यावर आठव्या दिवशी ऑफिसात गेलो. मॅडमना म्हटलं, मला माझा जुना कागद मागे घ्यायचा आहे. मला वाटलं होतं तो सापडणारच नाही. कायम उठला, मागच्या कपाटातला गठ्ठा काढला आणि मिनिटभरात कागद टेबलावर ठेवला. "रजिस्टर वर गेलं म्हणालात आणि हा इथेच?"

तो म्हणाला, "रजिस्टर योजनेचं होतं, आजोबा. हा ऑफिसच्या बचावाचा कागद आहे. योजना बदलतात. बचाव प्रत्येक सरकारला लागतो." मग हळूच म्हणाला, "मी वाईट माणूस नाही हो. मी फक्त कागद सांभाळतो."

मी तिथेच लिहून दिलं. कोणी सांगितलं नाही, माझ्या अक्षरात लिहिलं. खुणा होत्या. मीच केल्या होत्या, मीच खरवडून काढल्या, आणि आढळल्या नाहीत ही खोटी सही केली. हाताला घाम आला, पण लिहिलं. अक्षरं रेघेबाहेर गेली. मॅडमनी दोनदा वाचलं. मला वाटलं, पोलीस बोलावतील. त्या म्हणाल्या, "आजोबा, आता फाइलमध्ये तुमचे दोन कागद झाले, एकमेकांच्या उलट. वरचे लोक म्हणतील, दोन्ही धरू नका."

म्हणजे खोटं बोललो तेव्हा एका कागदावर भागलं, आणि खरं बोललो तर तेही पुरत नाही.

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. मे महिन्याच्या एक तारखेपासून नव्या सरकारचं रंगकाम सुरू होतंय. या वेळी पिवळा. ठेकेदाराकडे तारेच्या ब्रशचं मशीन आहे, लोखंड उघडं पडेपर्यंत घासतं. फराट्याच्या पंपांखाली जे लाल-हिरवे शिल्लक आहेत तेही जातील. रंगकाम थांबवणं मॅडमच्या हातात नाही. पण प्रत्येक पंपाच्या तोटीवर काय खूण असावी हे त्यांच्या हातात आहे, 'तात्पुरती सूचना' म्हणून. त्यासाठी यादी हवी. फराट्याच्या पंपांची माझ्या वहीतून घेतली, त्यांनी स्वतः दहा ठिकाणी जाऊन खरवडून पाहिलं आणि पटलं. माझ्या चौऱ्याण्णवांवर मात्र विश्वास ठेवता येत नाही म्हणाल्या, आणि सेहेचाळीस तर मलाच माहीत नाहीत. "ज्यांनी तपासलं त्यांची वही आली तर मी यादीत घालते," म्हणाल्या. "पण एक सांगते, जुन्या योजनेच्या नावाने घातली तर वरून परत येईल. नव्या योजनेचं काम म्हणून दाखवावं लागेल. त्यांचं नाव कुठेही येणार नाही."

मी म्हटलं, "मॅडम, त्या नावापायीच तर ती घर सोडून गेली. खोटी ठरवली म्हणून."

त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. मी ती फाइल वाचली आहे. त्यांना विचारा."

तर विचारतो. तू एकेका बाटलीसाठी उन्हात फिरलीस, ती मेहनत आता दुसऱ्याच सरकारच्या नावावर लागेल. पाटीवर फोटो त्यांचा येईल. तू खरी होतीस हे कुठेही छापून येणार नाही. हे तुला कर म्हणून सांगायचा मला हक्क नाही, बापाचाही नाही आणि पेंटरचा तर नाहीच. तू नाही म्हणालीस तर मी समजेन. पण पंपावर कळशी घेऊन येणाऱ्या बाईला कोणतं सरकार खरं होतं याच्याशी काय करायचंय? तिला एवढंच हवं की हे प्यावं की नाही.

एकसष्टचा दांडा मी पान्याने काढून घरात ठेवला आहे. दुसरी नोटीस येईल. येऊ दे.

माझ्या एकशे चाळिसांचे क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवले आहेत. प्रत्येकापुढे 'ला' किंवा 'हि', एवढंच लिहायचं. वही पाठवायची नसेल तर पाठवू नकोस, आणि माझ्या नावाने पाठवायचं नसेल तर सरळ मॅडमच्या नावाने पाठव, पत्ता मागे लिहिला आहे. मला दोन शब्द लिही असं म्हणत नाही. आईचं विचारायचं असेल तर विचार, जे विचारशील ते सांगेन, कमी करून सांगणार नाही.

एक तारखेला पंचवीस दिवस आहेत आणि टपालाला सहा लागतात. एवढा वेळ नसेल तर आधी एकट्या दोनशे सातचं कळव. फराट्या रोज सकाळी येतो. पूर्वीसारखा टोमणा मारत नाही. पायरीवर बसतो, पोस्टमन पुढे निघून गेला की उठतो, आणि जाताना विचारतो, "मग आज कुठलं पाजू पोरांना?"

लवकर कळव.

बाबा